क्षारपड रानातली घोळ: दोन गुंठ्यांच्या नोंदी

३ मार्च

बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात, कृष्णेच्या काठापासून दीड-दोन किलोमीटरवर आमचे काळ्या मातीचे रान आहे. त्यातला ओढ्याकडचा कोपरा गेली काही वर्षे उसाला साथ देईनासा झाला आहे. लावण केली की पहिल्याच महिन्यात तुटाळ पडते, उरलेल्या उसाची पाने शेंड्याकडून करपत येतात आणि माघात पाणी तोडले की ढेकळांवर मीठ फुटून पांढरा पापुद्रा धरतो. अशा जमिनीला आम्ही क्षारपड म्हणतो आणि शेजारचे कानडी शेतकरी सवळु-जवळु म्हणतात. त्या जोडशब्दात खारेपण आणि पाणथळपण ही दोन्ही दुखणी एकदम येतात, म्हणून मला तो आपल्या शब्दापेक्षा नेमका वाटतो. कुडची, उगार, अथणी या बाजूला नदीचे पाणी उपसा करून वर आले, उसाला पाट भरून पाणी देण्याची सवय लागली आणि निचऱ्याकडे कोणी पाहिले नाही, त्याचे हे फळ आहे. यात आमचे घरही आले.

या कोपऱ्यात उसाने माघार घेतली तरी घोळ ही रसदार पानांची रानभाजी मात्र आपोआप उगवते आणि माजते. खारे सोसणाऱ्या वनस्पती जमिनीतले मीठ ओढून घेतात आणि चार-पाच हंगामांत रान गोडे करतात, असे गावात दोघा-तिघांनी ठामपणे सांगितले. ते खरे आहे की नाही हे वजनकाट्यावर तपासायचे आणि तोवर भाजीही खायची, या हेतूने दोन गुंठे रान या कामासाठी वेगळे काढले आहे.

९ मार्च

सुरुवातीलाच आठवडा वाया गेला. मातीतला खार मोजण्यासाठी खिशात मावणारा ईसी मीटर, म्हणजे विद्युतवाहकता मोजणारे यंत्र, आणला. एक भाग माती, दोन भाग पाणी असे मिश्रण ढवळून, निवळू देऊन आकडे घेतले, तर तिन्ही ठिकाणचे आकडे फुगलेले आणि एकमेकांच्या जवळ आले. दोन दिवस डोके खाजवल्यावर लक्षात आले की मिसळलेले पाणी आमच्याच विहिरीचे होते आणि त्याचाच आकडा १.४ डेसिसीमेन्स (या मीटरचे एकक) होता. पेट्रोल पंपावरून बॅटरीत घालायच्या पाण्याचा डबा आणून सगळी मोजणी पुन्हा केली. तेव्हा ओढ्याकडचा कोपरा, मधली पट्टी आणि विहिरीकडची बाजू यांतला फरक स्वच्छ दिसला.

घरच्या या मापाची तुलना पुस्तकांतल्या मर्यादांशी थेट करता येत नाही. पुस्तकी आकडे माती पाण्याने जेमतेम संपृक्त करून काढलेल्या अर्काचे असतात आणि ते एकास दोनच्या मापापेक्षा बरेच मोठे येतात. म्हणून तिन्ही ठिकाणचे नमुने प्रयोगशाळेत दिले आहेत.

१८ मार्च

प्रयोगशाळेचा कागद आला. संपृक्त अर्काची क्षारता ओढ्याकडे ९.४, मध्ये ५.१ आणि विहिरीकडे २.२ डेसिसीमेन्स प्रति मीटर आहे. सामू (पीएच) तिन्ही ठिकाणी ८.० ते ८.२ आहे. क्षारता ४ च्या वर, सामू ८.५ च्या आत आणि मातीला चिकटलेला सोडियम १५ टक्क्यांच्या खाली असेल तर जमीन क्षारयुक्त समजतात. सोडियमच वाढून सामू ८.५ च्या पुढे गेला तर ती चोपण होते आणि तिला जिप्सम लागते. आमची जमीन पहिल्या प्रकारची आहे. त्यामुळे जिप्समच्या गोण्या आणण्याचा बेत रद्द केला. दरवर्षी या भागात मातीपरीक्षण न करता केवळ पांढरा थर पाहून कितीतरी जिप्सम टाकले जाते, हे जाता जाता लिहून ठेवतो.

कोणते पीक किती खार सोसते याचे तक्ते जागतिक अन्न व कृषी संघटनेने छापलेले आहेत. त्यांत उसाची मर्यादा १.७ दिली आहे आणि त्यापुढच्या प्रत्येक एककाला उत्पन्न ५.९ टक्क्यांनी घटते. घोळीची मर्यादा ६.३ आहे, म्हणजे गव्हाच्या ६.० पेक्षाही थोडी वर. पण ती ओलांडली की घट प्रत्येक एककाला ९.६ टक्के होते. या हिशेबाने मधल्या पट्टीत उसाचे सुमारे २० टक्के नुकसान व्हावे आणि घोळीचे काहीच होऊ नये. ओढ्याकडच्या कोपऱ्यात मात्र उसाचे ४५ टक्के आणि घोळीचेही ३० टक्के नुकसान अपेक्षित आहे. घोळ सोशिक आहे, पण मिठावरच जगणारी समुद्रकाठची वनस्पती ती नव्हे, हे या आकड्यांवरून सुरुवातीलाच कळले ते बरे झाले.

२० मार्च

बियाणे दुकानात मिळाले नाही आणि मागितल्यावर दुकानदार हसला. विहिरीच्या थारोळ्याजवळच्या झाडांवरून ते गोळा केले. त्यासाठी आधी झाड नीट ओळखणे आले, कारण आमच्या बांधावर घोळीच्या रूपाचे आणखी दोन सोबती आहेत. खापऱ्याची पाने जोडीने येतात, त्या जोडीतले एक पान मोठे आणि एक लहान असते, आणि फूल फिकट गुलाबी येते. जमिनीला चिकटून पसरणारी दुधी मोडली की पांढरा चीक येतो. ती पोटात जाता कामा नये. घोळीच्या देठातून चीक येत नाही, नुसते पाणी येते. तिचा देठ गुळगुळीत, तांबूस आणि रसदार असतो, पान टोकाला रुंद व देठाकडे निमुळते असते आणि फूल पिवळे असते. ते सकाळी ऊन चढल्यावर उमलते आणि दुपारी मिटते. लिनियसने १७५३ साली तिला पोर्तुलाका ओलेरेसिया हे नाव दिले. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ स्वयंपाकाच्या भाजीचा असा आहे.

बोंड भिंगाखाली पाहिले. ते उभे चिरत नाही. कमरेतून आडवे सुटते आणि कुंकवाच्या करंड्याचे झाकण उचलावे तसा वरचा अर्धा भाग अलगद निघून येतो. आत काजळासारखे काळे, खरबरीत दाणे असतात. एकेक दाणा मोहरीच्या कितीतरी पट लहान, साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो. फांदी हलवली की झाकण पडते आणि अर्धे बी मातीत जाते, म्हणून झाडाखाली जुने धोतर अंथरून मगच बोंडे झाडली.

आत्ती हे सगळे ओट्यावरून पाहत होत्या. “जन्मभर जी उपटून बांधावर फेकली, ती आता तू मुद्दाम पेरणार होय रे?” एवढेच त्या म्हणाल्या.

२ एप्रिल

पेरणी फसली. २२ मार्चला सऱ्या पाडून वरंब्याच्या माथ्यावर बोटभर खोल रेघ ओढली, बी टाकले आणि माती लोटून पाणी दिले. अकरा दिवस झाले तरी एक कोंब दिसला नाही, आणि जिथे काही पेरले नव्हते त्या सरीच्या कडेला मात्र घोळ आपली आपण उगवली आहे.

चुका दोन झाल्या आणि दोन्ही माझ्याच आहेत. हे बी उजेड लागल्यावर रुजते. बोटभर मातीखाली ते मरत नाही, निजून राहते. नांगरट झाली की घोळीचा गालिचा येतो तो यामुळेच. दुसरी चूक जागेची आहे. सरीतले पाणी मातीतून वर चढत वरंब्याच्या माथ्याकडे जाते, तिथे उडून जाते आणि बरोबर आणलेले मीठ माथ्यावर ठेवून जाते. माथ्याची वरची बोटभर माती खरवडून मोजली, तर एकास दोनच्या मापात तिचा आकडा बगलेतल्या मातीच्या जवळजवळ तिप्पट आला. थोडक्यात, मी शेतातली सर्वांत खारट जागा शोधून तिथे पेरणी केली होती. वाढलेले झाड जो खार सोसते तो कोवळ्या कोंबाला सोसत नाही.

आज उरलेले बी चाळलेल्या कोरड्या वाळूत मिसळून वरंब्याच्या बगलेवर, पाणी जिथवर पोचते त्या रेषेच्या किंचित वर, नुसते भुरभुरले. माती अजिबात लोटली नाही, फक्त हाताने दाबली.

९ एप्रिल

सातव्या दिवशी बगलेवर तांबूस कोंबांची रेघ दिसू लागली. विहिरीकडे ती दाट आहे, मधल्या पट्टीत बरी आहे आणि ओढ्याकडे तुटक आहे.

४ मे

पहिली काढणी झाली. जमिनीपासून चार बोटे ठेवून विळ्याने कापली. विहिरीकडची पाने पातळ व रुंद, तर ओढ्याकडची लहान पण जाड आहेत आणि नखाने दाबली की पाणी सुटते. खार वाढला की घोळ पानांत अधिक पाणी साठवून तो पातळ करते, त्याचा हा परिणाम. दोन्हीकडची पाने कच्ची चावून पाहिली. आंबटपणा दोन्हीकडे आहे, पण ओढ्याकडच्या पानाला जिभेवर चक्क मिठाची चव आहे.

ही गोष्ट स्वयंपाकघरात सांगायला मी विसरलो. आत्तींनी हरभऱ्याची डाळ घालून, ताक लावून नेहमीच्या अंदाजाने मीठ टाकले आणि भाजी खारट झाली. शाळूच्या भाकरीचे मोठे तुकडे मोडून ती कशीबशी संपवली. आता ओढ्याकडच्या भाजीत मीठ घालायचेच नाही असे ठरले आहे, आणि ज्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी खायला सांगितले आहे त्यांना ती पेंडी द्यायची नाही, हेही ठरले.

घोळीत ऑक्झलेट भरपूर असते, म्हणून मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती जपून खावी. उकळून पाणी टाकले की त्यातले बरेच निघून जाते. ताक किंवा दही घातले की त्यातला चुना (कॅल्शियम) ऑक्झलेटला धरून ठेवतो आणि ते अंगात कमी शोषले जाते. ताकातल्या घोळीची आमच्याकडची जुनी रीत या दृष्टीनेही योग्यच आहे. झाडाला शत्रू मानणाऱ्या गावाने भाजी शिजवण्याची रीत मात्र नीट सांभाळली आहे.

१२ मे

आजच्या निरीक्षणाने मला सर्वांत जास्त आनंद दिला. मधल्या पट्टीतल्या दोन वरंब्यांचे पाणी अठरा दिवस तोडले होते आणि शेजारच्या दोन वरंब्यांना नेहमीप्रमाणे पाणी दिले होते. सकाळी सहा वाजता आणि दुपारी चार वाजता चारही वरंब्यांची पाने तोडून, ठेचून, रसाचा सामू कागदाच्या पट्टीवर पाहिला. पाणी दिलेल्या झाडांत सकाळ-दुपारचा फरक जवळजवळ दिसला नाही. तहानलेल्या झाडांचा रस सकाळी स्पष्टपणे जास्त आंबट होता आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा उतरला होता. खात्री करण्यासाठी काही न सांगता दोन वाट्या आत्तींपुढे ठेवल्या. त्यांनी सकाळची वाटी चाखून तोंड वाकडे केले.

याचे कारण असे आहे. घोळ एरवी मका, ज्वारी आणि ऊस यांच्याप्रमाणे सी-फोर पद्धतीने अन्न तयार करते. पाणी तुटले की ती निवडुंगाची रीतही उचलते, म्हणजे पानांची छिद्रे रात्री गारव्यात उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा छिद्रे मिटून तो साठा वापरते. त्यामुळे पाणी कमी उडते आणि पहाटेचे पान आंबट लागते. या दोन्ही पद्धती एकाच झाडात असणे फार विरळ आहे, आणि घोळीत त्या एकाच पेशीत गुंफलेल्या असतात, असे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवले. पट्टी रंग बदलताना पाहत बांधावर बसलो होतो, तेव्हा एवढी यंत्रणा ज्या झाडात आहे त्याला आपण भांगलणीच्या मजुरीचा खर्च म्हणून ओळखतो, याची थोडी शरम वाटली.

२६ मे

शेजारच्या मामांची तक्रार आली. त्यांच्या मिरचीच्या रानात घोळ वाढली आहे आणि तिचे बी आमच्याकडून गेले, असे त्यांचे म्हणणे आहे. घोळ त्यांच्याकडे पूर्वीपासून आहे, कानडीत तिला गोणी सोप्पु म्हणतात आणि त्यांच्या घरीही ती शिजते. तरी तक्रार अगदीच बिनबुडाची नाही. एक मोठे झाड हजारोंनी बी देते, ते जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि उपटून सावलीत टाकलेल्या झाडावरही बोंडे पिकतात. भांगलून सरीतच टाकलेले तुकडे ओल मिळताच मुळे धरतात, हे तर आम्ही रोज पाहतो. बोंडे धरण्याआधीच काढणी करायची, बियाण्यासाठी राखलेली दहा झाडे घराजवळ हलवायची आणि काढलेला एकही तुकडा बांधावर टाकायचा नाही, असा शब्द मामांना दिला आहे.

१० जून

तिसरी आणि शेवटची काढणी झाली. पहिल्या वेळी ६१ किलो, दुसऱ्या वेळी ८८ आणि आज ६५, अशी दोन गुंठ्यांत एकूण २१४ किलो घोळ निघाली. काही पेंड्या घरोघर दिल्या, बाकी आठवडी बाजारात दहा रुपयांना पेंडी अशी विकली. जुन्या बायका पाहताच घेतात. तरुण बायका नाव विचारतात, करायची कशी ते विचारतात आणि मेथी घेऊन जातात.

१६ जून

ज्यासाठी हे सगळे मांडले होते तो हिशेब आज केला आणि तो घोळीच्या बाजूने लागला नाही.

ताजी घोळ कडकडीत वाळवल्यावर १०० ग्रॅमचे ७ ग्रॅम उरतात, म्हणजे २१४ किलोत सुका माल सुमारे १५ किलो झाला. वाळलेला पाला लोखंडी तव्यात जाळून राख तोलली, तर ती वजनाच्या चौथा हिस्सा भरली. काटा स्वयंपाकघरातला आहे आणि राखेत थोडा कोळसाही असणार, तरी अंदाजापुरते हे पुरे आहे. म्हणजे तीन काढण्यांत मिळून रानाबाहेर गेलेली सगळी खनिजे पावणेचार किलोच्या आसपास आहेत. त्यातही पालाश, चुना, मॅग्नेशियम यांचा वाटा मोठा आहे. निव्वळ मीठ त्याहून बरेच कमी असणार.

आता दुसरी बाजू. विहिरीच्या पाण्याचा आकडा १.४ आहे. एका डेसिसीमेन्सला लिटरमागे सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार धरतात, म्हणजे लिटरमागे जवळजवळ ९०० मिलिग्रॅम झाले. पंपाखाली २०० लिटरचे बॅरल लावले तर ते ४० सेकंदांत भरते, आणि एका पाळीला पंप वीस मिनिटे चालतो. एका पाळीत ६,००० लिटर पाणी आणि त्याबरोबर सुमारे ५.४ किलो क्षार या दोन गुंठ्यांत येतात. हंगामात नऊ पाळ्या दिल्या, म्हणजे ४८ किलो क्षार आत आले. तीन महिने राबून, कापून, तोलून घोळीने जे बाहेर नेले, त्याहून जास्त मीठ मी एकाच पाळीत आत ओतत होतो.

घोळ मीठ ओढते हे खोटे नाही. जिभेला ते कळले आहे. पण तिच्या भरवशावर रान गोडे होण्याची वाट पाहणे म्हणजे बुडाला भोक असलेल्या नावेतले पाणी चमच्याने उपसण्यासारखे आहे. आणि ती काढून बाहेर न नेता रानातच कुजवली, तर चमचाभरही बाहेर जात नाही.

२१ जुलै

पावसाने आठवडाभर झोड दिली. वरच्या सहा इंचांतला आकडा तिन्ही ठिकाणी उतरला आहे. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात, त्यामुळे ते मीठ धुऊन खाली नेते. आनंद मात्र अर्धवट आहे, कारण जमिनीखालच्या पाण्याची पातळी पाहण्यासाठी ओढ्याकडे रोवलेल्या निरीक्षण नळीत पाणी आता जमिनीखाली फक्त एक फूट आहे. खाली गेलेले मीठ तिथेच थांबले आहे, त्याला पुढे जायला वाट नाही.

७ सप्टेंबर

तीन आठवडे उघडीप आहे. नळीतले पाणी दोन फूट चार इंचांवर गेले आणि त्याच वेळी वरच्या मातीचा आकडा पुन्हा चढू लागला. ओढ्याकडे ढेकळांच्या कडांवर पांढरी रेघ परत आली आहे. काळ्या मातीतून पाणी केशाकर्षणाने इतक्या खोलीवरून सहज वर येते. ते वाऱ्यावर उडते आणि मीठ मागे राहते. जुलैत धुतलेले मीठ सप्टेंबरात परत आले.

घोळीचा एक उपयोग मात्र या दिवसांत हाती लागला. आपोआप उगवलेली झाडे कुठे दाट आहेत, कुठे पानांची जाडी वाढते आणि कुठे घोळही विरळ होते, हे चालत पाहून कागदावर खुणा केल्या आणि मग त्या जागी मीटर लावला. घोळ विरळ झालेल्या सातपैकी सहा जागा सर्वांत खारट निघाल्या. या खुणांवरून मिठाचा पट्टा कुठून कुठे जातो ते दिसले. तो मामांच्या बांधाखालून ओढ्याकडे तिरका उतरतो, म्हणजे पाणी आमच्या एकट्याच्या रानात साचत नाही.

२८ सप्टेंबर

हा नकाशा घेऊन मामांकडे गेलो. मिरचीचा राग थोडा शिल्लक होता, पण पट्टा त्यांच्याही अर्ध्या एकरातून जातो हे पाहिल्यावर ते स्वतः दोरी घेऊन आले. दोघांच्या सामाईक बांधापासून ओढ्यापर्यंत १४० फूट लांबीचा, साडेचार फूट खोल उघडा चर काढायचा, खर्च निम्मा निम्मा करायचा आणि काम ऊस तुटून गेल्यावर करायचे, असे ठरले. पुढे जमले तर त्यात सच्छिद्र पाइपही टाकता येतील. तोवर मीही विहिरीच्या पाण्याची पाळी वीस मिनिटांवरून बारावर आणली आहे.

चराच्या ओढ्याकडच्या बाजूची दीड गुंठा जागा घोळीला ठेवली आहे, यंदा फक्त भाजीसाठी. बियाण्याची डबी आत्तींनी आपल्या कपाटात नेऊन ठेवली आहे. त्यांनी तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: ओढ्याकडची, मीठ घालू नये.